'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' या बिरुदापलीकडे : चिक चॉकलेट यांच्या सांगीतिक कारकिर्दीची समीक्षा

१. प्रास्ताविक

दौंड जंक्शनवरून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ मध्ये खुला झाला. या मार्गावर, तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात पुणतांबे हे स्थानक लागते. याच गावी १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. हिंदी चित्रपटसृष्टी त्यांना सी. रामचंद्र या नावाने ओळखते. दौंड-शिरूर परिसरातील रसिकास ते आपल्याच मुलखातले वाटावेत, हे स्वाभाविक आहे. मात्र १९५० च्या आसपास ज्या गाण्यांनी त्यांचे नाव देशभर पोहोचवले, त्यांपैकी काही महत्त्वाच्या गाण्यांच्या घडणीत आणखी एका कलावंताचा वाटा होता. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातून मुंबईत आलेल्या या ट्रम्पेटवादकाचे मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. व्यवसायात ते चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध होते.

चिक चॉकलेट यांचा उल्लेख बहुधा एकाच बिरुदाने केला जातो : 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग'. हे बिरुद गौरवाचे आहे, हे मान्य करूनही काही प्रश्न उपस्थित होतात. एखाद्या कलावंताची ओळख दुसऱ्या कलावंताच्या नावाने करून दिली की त्याचे स्वतःचे कार्य नेमके काय, हा प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न विचारावयाचा आहे. चिक चॉकलेट यांचे खरे योगदान आर्मस्ट्राँग यांच्याशी असलेल्या साम्यात शोधू नये, तर हिंदी चित्रपटगीताच्या वाद्यवृंद-संयोजनात शोधावे; आणि या कामासाठी आपल्या संगीतसमीक्षेत पुरेशी परिभाषा नसल्यामुळेच ते दुर्लक्षित राहिले, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. गोवा ते मुंबई : स्थलांतराची पार्श्वभूमी

चिक चॉकलेट यांचा जन्म १९१६ मध्ये बार्देश तालुक्यातील हळदोणे या गावी झाला. गोव्यातील चर्चशी संलग्न असलेल्या शाळांमधून मुलांना गायनाचे आणि पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण दिले जाई. चर्चमधील उपासनेसाठी गायक आणि व्हायोलिनवादक तयार व्हावेत, हा त्यामागील मूळ हेतू होता. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. कागदावरील स्वर पाहताक्षणी वाजवू शकणारे, शेतकरी व कारागीर कुटुंबांतून आलेले वादक गोव्यातील गावोगावी तयार झाले. गोव्यात त्यांना पुरेसे काम नव्हते. ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्करी बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, मूकपटांची चित्रपटगृहे, जहाजे आणि हॉटेले येथे मात्र त्यांच्या कौशल्यास मागणी होती.

या वादकांना 'स्थलांतरित' म्हणणे केवळ अलंकारिक नाही. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा हा पोर्तुगीज सत्तेखालील प्रदेश होता. हळदोण्याहून धोबीतलावास येणारा तरुण एका साम्राज्यातून दुसऱ्या साम्राज्यात आणि १९४७ नंतर स्वतंत्र भारतात येत होता. मुंबईत त्याला आधार मिळे तो 'कूड' या संस्थेचा. एकेका गावाच्या नावाने चालणाऱ्या या सामायिक निवासांत खाट, पेटी ठेवण्यापुरती जागा आणि सायंप्रार्थनेची सोबत मिळत असे. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांच्या गाळ्यांशी कुडांचे साम्य स्पष्ट आहे. मुंबईच्या मराठी श्रमिक इतिहासात गिरणगावास जे स्थान आहे, ते तिच्या संगीताच्या इतिहासात धोबीतलावच्या कुडांना द्यावयास हवे.

३. नृत्यगृहातील वृंदप्रमुख

१९३० च्या दशकात मुंबईच्या हॉटेलांतील नृत्यसंगीतास नवे वळण मिळाले. १९३५ मध्ये अमेरिकन कृष्णवर्णीय वृंदप्रमुख लिऑन ॲबी आपल्या वृंदासह ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यानंतर क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी हा प्रवाह पुढे नेला. वर्णभेदाने पोळलेल्या अमेरिकेपासून दूर आलेल्या या कलावंतांकडून जॅझचे प्रत्यक्ष शिक्षण गोव्याच्या वादकांना मिळाले. स्वरलेखन त्यांना येतच होते. कागदावर न लिहिता येणारा लयीचा झोल आणि उत्स्फूर्त विस्तार या पाहुण्यांच्या सहवासात त्यांच्या कानी पडला. पत्रकार नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) या ग्रंथात या कालखंडाचा तपशीलवार मागोवा आढळतो.

चिक चॉकलेट हे या शिक्षणाचे फलित होय. आर्मस्ट्राँग यांची वादनशैली आणि गाण्याची धाटणी त्यांनी जवळून आत्मसात केली आणि पुढे 'चिक अँड द म्यूझिक मेकर्स' हा स्वतःचा वृंद उभारला. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. नृत्यगृहातील वृंदप्रमुखास केवळ उत्तम वादक असून चालत नाही. कोणत्या वाद्यांनी एकत्र वाजवावे, कोणी थांबावे, नर्तकांची पावले मंदावली असता लय कशी चढवावी, फॉक्सट्रॉटनंतर रुंबा केव्हा घ्यावा, या सर्व निर्णयांची जबाबदारी त्याच्यावर असते. अकरा-बारा वादकांचा समूह एका शरीराप्रमाणे चालविण्याचे हे कसब पुढे ध्वनिमुद्रणगृहात उपयोगी पडले.

रुंबा, सांबा यांसारख्या लॅटिन नृत्यप्रकारांचा त्या काळी जगभर बोलबाला होता. न्यूयॉर्कमध्ये या संगीताचे सर्वांत प्रसिद्ध प्रवर्तक झेवियर कुगाट हेही स्थलांतरितच होते. १९०० मध्ये कॅटलोनियात जन्मलेले कुगाट क्यूबात वाढले आणि न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात त्यांनी कीर्ती मिळविली. हॉलिवूडच्या चित्रपटांतून ते आपल्या वृंदासह पडद्यावरही झळकले. हॉटेल आणि पडदा हे दोन्ही टप्पे चिक चॉकलेट यांच्याही वाट्यास आले. फरक पडला तो नावाच्या बाबतीत. कुगाट यांचे नाव ध्वनिमुद्रिकेवर ठळक अक्षरांत छापले जाई. चित्रपटगीतांतील चिक चॉकलेट यांचे काम मात्र 'सहायक' या शब्दाआड राहिले.

४. ध्वनिमुद्रणगृहातील भागीदारी

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर शहरातील नृत्यगृहांचे अर्थकारण डळमळीत झाले. त्याच सुमारास हिंदी चित्रपटसंगीतात मोठ्या वाद्यवृंदाची गरज वाढत होती. परिणामी हॉटेलांत रात्री वाजविणारे अनेक गोमंतकीय वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जाऊ लागले. फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही या परंपरेतील अन्य महत्त्वाची नावे होत.

या सहकार्याची कार्यपद्धती समजून घेणे आवश्यक आहे. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधीत असे आणि ती गाऊन दाखवीत असे. संयोजक ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून घेई. त्यानंतर प्रारंभीचे वाद्यसंगीत, कडव्यांमधील जागा, गायनामागील पूरक सुरावटी आणि प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र भाग लिहिला जाई. तबला, सतार वाजविणारे कलावंत कानाने ऐकून साथ करीत, तर व्हायोलिन आणि ट्रम्पेटवादक समोरील कागद वाचीत. एकाच खोलीत मौखिक आणि लिखित अशा दोन परंपरा शेजारी बसून काम करीत होत्या आणि संयोजक हा त्यांच्यातील दुभाषी होता. ग्रेगरी बूथ यांनी 'बिहाइंड द कर्टन' (२००८) या ग्रंथात वादकांच्या मुलाखतींच्या आधारे या पद्धतीचे सविस्तर चित्रण केले आहे.

सी. रामचंद्र यांची तालीम विनायकबुवा पटवर्धन यांच्यासारख्या गुरूंकडे झाली होती. बागेश्री हा त्यांचा विशेष आवडता राग. चिक चॉकलेट यांचा पिंड नृत्यगृहात घडलेला. या दोन पिंडांची भेट 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात सर्वाधिक फलदायी ठरली. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्या भगवान पालव अर्थात भगवानदादांनी हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि त्यात नायकाची भूमिकाही केली. त्यात चिक चॉकलेट आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतात. 'शोला जो भडके' या गाण्यात बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांचा वापर आहे. ही केवळ वाद्यांची यादी नव्हे. गाण्याची चाल साधी, सहज गुणगुणता येणारी आहे. तिला नृत्याची ऊर्जा मिळते ती तालवाद्याच्या खेळकर आघातांतून आणि गायकाच्या ओळीस सुषिरवाद्यांनी दिलेल्या प्रत्युत्तरांतून. चाल तीच ठेवून हे सर्व काढून टाकले, तर गाणे उरेल. परंतु 'अलबेला'तील ते गाणे उरणार नाही.

याच चित्रपटात पिलू रागाच्या अंगाने जाणारी 'धीरे से आजा री अँखियन में' ही अंगाईही आहे. एकाच चित्रपटात ही दोन गाणी परस्परांना छेद न देता नांदतात, याचे श्रेय संगीतकाराच्या व्याप्तीस जाते, तसेच कोठे वृंदाने पुढे यावे आणि कोठे मागे राहावे याचे भान असणाऱ्या संयोजनासही जाते.

येथे आणखी एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. ढोलकी आणि हलगीच्या ठेक्यावर वाढलेल्या मराठी श्रोत्यास बोंगोचा ठेका परका वाटला नाही. अपेक्षित मात्रेच्या आधी अथवा नंतर आघात करून शरीरास हलविण्याची युक्ती लावणीच्या ढोलकीवाल्यास अनोळखी नाही. भगवानदादांच्या नृत्यास गिरणगावाने जी दाद दिली, तीमागे नावीन्याच्या आकर्षणाइतकीच ही ओळखही असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

५. 'अनुकरण' या आक्षेपाची चिकित्सा

सी. रामचंद्र यांच्या पाश्चात्त्य ढंगाच्या गाण्यांवर अनुकरणाचा आक्षेप घेतला जातो. 'समाधी' (१९५०) मधील 'गोरे गोरे' हे गाणे त्याचे नेहमीचे उदाहरण. या गाण्याची चाल 'डॉल फेस' (१९४५) या हॉलिवूड चित्रपटात कार्मेन मिरांडा यांनी गायिलेल्या, पोर्तो रिकोच्या चिकोविषयीच्या गीतावरून घेतली आहे. ही उचल आहे आणि मूळ रचनाकाराचा ऋणनिर्देश व्हावयास हवा होता, हे निःसंदिग्धपणे मान्य केले पाहिजे.

परंतु या उदाहरणाचाच थोडा खोलवर विचार केला असता 'मूळ' ही कल्पना किती निसरडी आहे, हे ध्यानात येते. मूळ गीत पोर्तो रिकोविषयी असले, तरी ते तेथील लोकांचे नव्हे. जिमी मॅकह्यू या अमेरिकन संगीतकाराने हॉलिवूडसाठी ते रचले. गाणाऱ्या कार्मेन मिरांडा पोर्तुगालमध्ये जन्मल्या, ब्राझीलमध्ये वाढल्या आणि अमेरिकेत जाऊन सर्व लॅटिन देशांच्या एकत्रित प्रतिनिधी म्हणून सादर केल्या गेल्या. ती चाल पुढे मुंबईत पोहोचली, तेव्हा पुणतांब्याचे संगीतकार, गोव्याचे संयोजक आणि लता मंगेशकर व अमीरबाई कर्नाटकी या गायिका यांच्या हाती ती आली आणि आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरील एका चित्रपटात वापरली गेली. या साखळीतील प्रत्येक दुवा कोणाचे तरी काहीतरी घेऊन पुढे जात आहे. अशा वेळी 'कोठून घेतले' या प्रश्नाने चौकशी सुरू होऊ शकते, संपू शकत नाही. घेतल्यावर त्याचे काय केले, हा समीक्षेचा खरा प्रश्न आहे.

हीच कसोटी आर्मस्ट्राँग यांच्याशी होणाऱ्या तुलनेस लावता येते. आर्मस्ट्राँग हे प्रामुख्याने एकलवादक आणि गायक होते. त्यांचे युगप्रवर्तक कार्य उत्स्फूर्त एकलवादनात आहे. तीन-साडेतीन मिनिटांच्या चित्रपटगीतात ट्रम्पेटच्या वाट्यास येतात त्या मोजक्या मात्रा. त्या अवकाशात आर्मस्ट्राँगसदृश विस्तार शक्यच नव्हता. चिक चॉकलेट यांनी या मर्यादेत वेगळी कला साधली : थोडक्यात बोलण्याची, दुसऱ्याच्या चालीस अर्थ देण्याची आणि वृंदात विरून जाण्याची. या कामास आर्मस्ट्राँग यांचे माप लावणे म्हणजे कीर्तनकारामागील टाळकऱ्यास एकल गायकाचे निकष लावण्यासारखे आहे.

६. कारकिर्दीच्या मर्यादा

चिक चॉकलेट यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्यांच्या मर्यादांकडेही दुर्लक्ष करता येत नाही. स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांचे काम अल्प आहे. देव आनंद व मधुबाला यांच्या भूमिका असलेल्या 'नादान' (१९५१) या चित्रपटास त्यांनी संगीत दिले. त्यातील तलत महमूद यांनी गायिलेले 'आ तेरी तसवीर बना लूँ' हे गाणे आजही रसिकांच्या स्मरणात आहे. मंद लयीतील हे हळुवार गीत ऐकताना, नृत्यसंगीताचा हा वादक संयत भावगीतही समर्थपणे हाताळू शकत होता, हे दिसून येते. तथापि हे यश त्यांना सातत्याने टिकविता आले नाही. शब्दांतून चाल सुचणे आणि सुचलेल्या चालीस वृंदाचे शरीर देणे या दोन भिन्न प्रतिभा आहेत. चिक चॉकलेट यांच्याकडे दुसरी विपुल होती; पहिलीचे पुरावे तुरळक आहेत. शिवाय उर्दू-हिंदी काव्याच्या व्यवहारात गोव्याहून आलेला वादक काहीसा परकाच राही, हे सामाजिक वास्तवही येथे विचारात घ्यावे लागते.

त्यांच्या हयातीच्या अखेरच्या काळातील एक दृश्य येथे नमूद करावेसे वाटते. चेतन आनंद दिग्दर्शित 'आखरी खत' (१९६६) या चित्रपटात खय्याम यांनी संगीतबद्ध केलेले 'रुत जवाँ जवाँ' हे गीत आहे. ते गाणारे भूपिंदर सिंग पडद्यावर दिसतात आणि त्याच प्रसंगात ट्रम्पेट वाजविताना चिक चॉकलेटही दिसतात. मे १९६७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांचे मुंबईत निधन झाले. हा चित्रपट आज आठवला जातो तो राजेश खन्ना यांचे पदार्पण म्हणून. ट्रम्पेट वाजविणारा तो माणूस कोण, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो.

७. श्रेयाचा आणि परिभाषेचा प्रश्न

हे विस्मरण वैयक्तिक अन्यायापुरते मर्यादित नाही. आपल्या संगीतपरंपरेत रचनेचा विचार राग, ताल, बंदिश आणि गायकी या संज्ञांतून होतो. या संज्ञा समृद्ध आहेत. पण वृंदातील वाद्यांची वाटणी, स्वररंगांची निवड, गायनास पूरक सुरावटी यांचे वर्णन करण्यास त्या अपुऱ्या पडतात. अशोक दा. रानडे यांनी हिंदी चित्रपटगीतावर २००६ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहून या प्रकाराकडे गांभीर्याने पाहण्याची दिशा दाखविली. तरीही सर्वसाधारण मराठी लेखन अद्याप गीतकार, संगीतकार आणि गायक या त्रयीपलीकडे क्वचितच जाते. ज्या कामास नाव नाही, ते करणाऱ्या माणसाचेही नाव राहत नाही.

'आशा' (१९५७) मधील 'ईना मीना डीका' हे याचे बोलके उदाहरण आहे. या गाण्याच्या निरर्थक शब्दावलीत कोकणी नकाराचे शब्द मिसळले आहेत. सी. रामचंद्र यांचे गोमंतकीय सहायक जॉन गोम्स यांनी ते सुचविल्याचे सांगितले जाते. देशभरातील लाखो श्रोत्यांनी ते शब्द गायिले. ते आपल्या शेजारच्या भाषेतील आहेत, हे किती जणांच्या लक्षात आले असेल? गाण्यात सामावून जाणे हे स्थलांतरिताचे यश असते आणि ओळखू न येणे ही त्याची किंमत असते.

चिक चॉकलेट यांचे श्रेय वाढविल्याने सी. रामचंद्र यांचे श्रेय घटते, असे मानण्याचे कारण नाही. शास्त्रीय तालमीतून आलेल्या संगीतकाराने नृत्यगृहातील वादकाची गुणवत्ता ओळखावी आणि त्यास आपल्या चालींत मोकळीक द्यावी, ही दृष्टी दुर्मीळ आहे. १९६३ मध्ये 'ऐ मेरे वतन के लोगों' या गीतास स्वरसाज चढविणारे आणि 'घरकुल' (१९७०) मधून मराठी श्रोत्यांना भेटणारे सी. रामचंद्र अशा भागीदारीच्या अनुभवातूनच संपन्न झाले होते.

८. समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. एक, चिक चॉकलेट यांची कारकीर्द हॉटेलातील नृत्यसंगीत आणि चित्रपटगीत यांना जोडणारा दुवा आहे. दोन, त्यांचे मुख्य योगदान संयोजनात असून 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' हे बिरुद ते झाकून टाकते. तीन, अनुकरणाचा आक्षेप अंशतः खरा असला, तरी त्या कसोटीवर या संगीताचे मूल्य ठरत नाही. चार, संयोजनाची मराठी परिभाषा विकसित झाल्याखेरीज या वादकांना समीक्षेत स्थान मिळणार नाही.

या चौथ्या मुद्द्याबाबत ग्रामीण महाविद्यालयांनाही काही करता येण्यासारखे आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील लग्नाच्या वरातींत बँडपथकांनी दशकानुदशके चित्रपटगीते वाजविली. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट हातात घेतलेल्या या वादकांनी मूळ गाण्यातील गायकाची ओळ कोणत्या वाद्यास दिली, मधली जागा कशी भरली, ठेका कसा बदलला, याची नोंद कोणी केलेली नाही. ते कामही संयोजनच होय. भाषा, इतिहास आणि समाजशास्त्र या विभागांनी मिळून या पथकांतील ज्येष्ठ वादकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, तर विद्यार्थ्यांस क्षेत्रीय संशोधनाचा अनुभव मिळेल आणि आपल्याच परिसरातील एक ज्ञानपरंपरा लिखित स्वरूपात येईल. ते वादक हयात आहेत, तोवरच हे शक्य आहे. चिक चॉकलेट यांना कोणी वेळीच विचारले असते, 'ही जागा तुम्ही कशी सुचविली?', तर कदाचित प्रस्तुत लेखाची गरजच भासली नसती.